ताई, त्या विळीचा काही दोष नाही

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते, वय ५१. एकुलती एक मुलगी, फेब्रुवारी २००० च्या पहिल्या आठवड्यातली, पूर्ण दिवस भरून झालेली. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे. दीड महिन्याआधी तिला ताप आला आणि जबड्याखाली गाठ आली, म्हणून धंतोलीत मानेची सोनोग्राफी केली. गाठ तापाचीच निघाली, औषधाने बसली. पण रिपोर्टात लिहून आलं की थायरॉईडचा डावा लोब, म्हणजे डावा भाग, नाहीच, जन्मापासून नाही. उजवा थोडा मोठा आहे, त्यात गाठबीठ काही नाही. रक्तात टीएसएच ३.४ आला, टी-फोर नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही करायचं नाही, वर्षाने टीएसएच करा. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. अर्धा अवयव नाही आणि काही करायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरूनच नाही राहिलं.

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "तवाच सांगितलं होतं, ग्रहणात विळीला हात लावू नको." मॅडम, हे खरं आहे. १९९९ च्या त्या मोठ्या सूर्यग्रहणाला मी पोटुशी होते. दिव्याची अवस होती, घरी पाहुणे यायचे होते, मी भाजी चिरली. इतक्या वर्षांत विसरूनही गेले होते. आता रात्र रात्र झोप नाही येऊन राहिली.

नणंदेला थायरॉईड आहे. ती म्हणाली, माझ्या बाटलीतली ५० ची गोळी पोरीला देत जा, सुरक्षित राहील. आठ दिवसांपासून देत आहे. अकोल्याच्या मुलाशी तिचं जमलंय, तुळशीच्या लग्नानंतर साखरपुडा आहे. त्यांना सांगावं का? सांगितलं तर मोडेल का? तिला मूलबाळ होईल ना? तेही असंच निघेल का? उरलेला भाग बंद पडला तर? ऑपरेशन करून दुसरा बसवता येतो का?

– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर:

ताई, तुमच्या एवढ्या प्रश्नांत आजच्या आज करायची गोष्ट एकच आहे, ती आधी सांगते. नणंदबाईंच्या बाटलीतली गोळी उद्या सकाळी देऊ नका. त्या गोळीत थायरॉईडचं हॉर्मोनच असतं. ज्यांच्या ग्रंथीला ते पुरेसं बनवता येत नाही, त्यांना ते बाहेरून द्यायचं, एवढंच तिचं काम. तुमच्या लेकीचा टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हॉर्मोन, नॉर्मल आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप, तोही मर्यादेत आहे. म्हणजे तिचं शरीर आपल्यापुरतं हॉर्मोन स्वतः बनवतं आहे. पोट भरलेल्या माणसाला आणखी वाढलं तर जे होतं, तेच इथे होतं. छातीत धडधड, हातांना कंप, विनाकारण चिडचिड, आणि वर्षानुवर्षे जास्तीचं हॉर्मोन राहिलं तर हाडं ठिसूळ. आठ दिवसांत असं काही होत नाही, तेव्हा त्याचा आणखी एक घोर लावून घेऊ नका. मात्र तुमच्या डॉक्टरांना फोन करून हे आठ दिवस मोकळेपणाने सांगा. गोळीचा असर शरीरातून पूर्ण जायला आणि टीएसएच आपल्या जागी यायला साधारण सहा आठवडे लागतात. त्याआधी केलेली तपासणी सगळ्यांनाच चकवेल.

नणंदबाईंवर रागावू नका. आपल्याकडे "तिला थायरॉईड आहे" असं म्हटलं की तिला आजार आहे, असाच अर्थ निघतो. ग्रंथीचं नाव आपण आजाराला देऊन बसलो. त्यामुळे थायरॉईडबद्दल काहीही ऐकलं की प्रत्येकाला आपली गोळी आठवते. खरं तर थायरॉईड सगळ्यांनाच असतो. मानेत पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखे दोन पंख आणि मधे एक अरुंद पट्टी. मोठ्या माणसात सगळी मिळून १५ ते २५ ग्रॅम. तुमच्या लेकीला त्यातला एक पंख नाही. याला थायरॉईड हेमिअजेनेसिस म्हणतात, म्हणजे ग्रंथीची एक बाजू मुळात तयारच न होणं. काढलेली नाही, सुकलेली नाही, कशाने खाल्लेली नाही. घडलीच नाही.

आता ग्रहण. तुमचं पत्र वाचून मी जुनं कॅलेंडर घेऊन बसले, कारण यात तारखाच बोलतात.

ते ग्रहण ११ ऑगस्ट १९९९ चं, बुधवारचं, संध्याकाळचं. दिव्याची अवस होती ही तुमची आठवण बरोबर आहे. लेक पूर्ण दिवसांची, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली, म्हणजे गर्भ राहिला तो मेच्या मध्याला. हॉर्मोन बनवणाऱ्या सगळ्या ग्रंथींत थायरॉईड सर्वांत आधी घडायला लागते. गर्भ राहिल्यापासून साधारण चौविसाव्या दिवशी जिभेच्या मुळाशी पेशींचा एक बारीकसा उंचवटा येतो, तोच थायरॉईडचा आरंभ. तुमच्या बाबतीत हा दिवस येतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, मृग लागतो त्या सुमारास. तेव्हा सबंध बाळ तिळाएवढं असतं. तुमची पाळी चुकून आठ-दहा दिवस झाले असतील, कदाचित तुम्हाला स्वतःला अजून खात्रीही नसेल. तिथून तो उंचवटा गळ्यातून खाली उतरत जातो, उतरता उतरता दोन बाजूंना पसरतो, आणि सातव्या आठवड्याच्या अखेरीस मानेत आपल्या कायमच्या जागी येऊन बसतो. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात. त्या वर्षीची आषाढी एकादशीसुद्धा अजून यायची होती.

ग्रहण लागलं ते त्यानंतर महिन्याभराहून जास्त काळाने. तुम्ही विळीवर बसलात त्या संध्याकाळी तुमच्या लेकीची ग्रंथी घडून झालेली होती, एका पंखानिशी. इतकंच नाही, गर्भाची थायरॉईड दहाव्या ते बाराव्या आठवड्यात हॉर्मोन बनवायला लागते, त्यामुळे त्या दिवशी तिचा तो एक पंख कामालाही लागलेला असणार. चिरायचं, तोडायचं, अर्धं करायचं असं तिथे काही उरलंच नव्हतं.

हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. पाहिजे तर कागदावर महिने मांडून बघा. ग्रहणाने बाळात व्यंग येत नाहीच, पण तुमच्या बाबतीत तर तारखाच जुळत नाहीत. सासूबाईंशी वाद घालू नका, म्हाताऱ्या माणसाच्या मनातही नातीची काळजीच आहे. फक्त त्यांच्याजवळ बसून एकदा शांतपणे सांगा, "आई, हे मृगातच ठरून गेलं होतं." त्यांना मृग कळतो.

मग एक बाजू का घडत नाही? काही थोड्या जणांत ग्रंथी घडवणाऱ्या जनुकांत फरक सापडला आहे, पॅक्स-८ हे त्यातलं एक. बहुतेकांत मात्र कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही. आईच्या खाण्याशी, कामाशी, चालण्या-बसण्याशी याचा संबंध नाही. एवढं दिसून आलंय की पाचातल्या चार जणांत नसतो तो डावाच लोब, तुमच्या लेकीसारखा.

तुम्ही लिहिलंय, "अर्धा अवयव नाही." मला वाटतं तुमच्या डोळ्यांसमोर एक खड्डा येत असावा. मी सोनोग्राफीच्या खोलीत शेजारी उभी राहून अशी मान पाहिली आहे, ती कशी दिसते ते सांगते. मुलगी उताणी झोपलेली, खांद्याखाली उशी, हनुवटी वर. गळ्याला गार जेल, त्यावरून डॉक्टर प्रोब आडवा फिरवतात. पडद्यावर मधोमध श्वासनलिकेची कमान दिसते. तिच्या उजव्या बाजूला राखाडी, एकसारख्या पोताचा, भिजवलेल्या बदामासारखा लोब. त्याच्या पलीकडे मानेची मोठी रोहिणी, म्हणजे रक्तवाहिनी, काळं वर्तुळ, ठोक्यागणिक हलणारं. मग प्रोब डावीकडे जातो. तिथे लोब नसतो, पण रिकामी जागाही नसते. रोहिणी थोडी आत सरकून नलिकेच्या जवळ आलेली असते, वरून मानेचे स्नायू सरळ उतरून बसलेले असतात. सगळं आपापल्या ठिकाणी, दाटीने, नीट. शरीराने ती जागा कधी राखूनच ठेवली नव्हती. म्हणून बाहेरून तुमच्या लेकीची मान तुमच्या-माझ्या मानेसारखीच दिसते. गाठ आली नसती तर हे कुणाला कधी कळलंही नसतं.

बहुतेकांचं तसंच होतं. वैद्यकीय नोंदींत याचा पहिला उल्लेख १८६६ चा मानतात, पण खरी संख्या कळायला लागली ती सोनोग्राफी आल्यावर, निरोगी शाळकरी मुलांच्या माना तपासल्या तेव्हा. कुठे दोन हजारांत एक, कुठे हजारात दोन, असे आकडे निघाले. सगळ्यांत कमी आकडा धरला, तरी २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या २४ लाखांच्या नागपुरात असे हजार-बाराशे लोक निघतात. बर्डीच्या बाजारात तुमच्या शेजारून चालत जात असतील. त्यांना माहीत नाही, तुमच्या लेकीला माहीत आहे, एवढाच फरक.

एक पंख पुरतो का? पुरतो. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते, ती रक्तातलं थायरॉईड हॉर्मोन सतत मोजत असते आणि कमी वाटलं की टीएसएच पाठवून थायरॉईडला हाक मारते. एकच लोब असला की ही हाक थोडी मोठ्याने मारावी लागते. म्हणून अशा लोकांचा टीएसएच मर्यादेत असूनही जरा वरच्या अंगाला असतो. बहुतेक लॅबमध्ये ०.४ ते ४.५ च्या आसपास नॉर्मल धरतात. लेकीचा ३.४ हा तसाच आकडा. उजवा लोब थोडा मोठा, तोही याच कारणाने. दुसऱ्या काही कारणासाठी ऑपरेशन करून ज्यांचा एक लोब काढतात, त्यांच्यातही साधारण पाचातल्या चौघांना पुढे गोळी लागत नाही. तुमच्या लेकीच्या लोबला तर ही सवय जन्माच्या आधीपासूनची आहे. त्यामुळे दुसरा बसवण्याचा प्रश्नच येत नाही. तसं ऑपरेशन यासाठी कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही.

तरीही वर्षाने टीएसएच करा, असं डॉक्टर म्हणाले ते बरोबरच म्हणाले. त्यांनी ते पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं घेऊन सांगायला हवं होतं, हे मी आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांच्या वतीने मान्य करते. जो लोब आयुष्यभर जरा जास्त हाका ऐकतो, त्यात पुढे गाठी होणं किंवा तो थकणं, हे इतरांपेक्षा थोडं जास्त दिसतं. होईलच असं नाही. पण लक्ष असावं. वर्षातून एकदा रक्त, डॉक्टर सांगतील तेव्हा सोनोग्राफी, आणि मधल्या काळात अंगावर सतत सूज वाटली, बद्धकोष्ठ, पाळीला जास्त जाणं, भर दुपारी थंडी वाटणं असं काही महिनाभर टिकलं, तर वर्षाची वाट न बघता तपासणी. गळ्याशी गाठ लागली तर लगेच. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, आपल्या नागपूरच्या या सरकारी रुग्णालयांत कुठेही ही तपासणी होते. दरवर्षी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असेल, तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगा, त्यांच्यामुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.

आणि उरलेला लोब थकलाच, तर काय? तर तीच गोळी, जी नणंदबाई घेतात. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, चहाच्या आधी निदान अर्धा तास, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात चार तासांचं अंतर ठेवून. नणंदबाई संसार करतात, सणवार करतात, सगळं करतात ना? तसंच. तुमच्या मनात जे "बंद पडलं तर" आहे, त्याची शेवटची पायरी ही एवढीच आहे.

आता मला जे सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते सांगते. एक लोब नसण्याने धोका नाही. तो नाही हे कुणाला माहीत नसण्याने धोका आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, माझ्या जुन्या क्लिनिकमध्ये कूलरचा आवाज एवढा की पेशंटला दोनदा विचारावं लागायचं. एक चाळिशीच्या बाई आल्या, अंगात स्वेटर, वरून शाल. कूलरसमोरची खुर्ची दिली तर म्हणाल्या, "तिथं नको, थंडी वाजते." चेहरा सुजलेला, पापण्या जड, आवाज घोगरा, एक वाक्य पूर्ण करायला दम लागत होता. गळ्यावर आडवा ताजा व्रण. मार्चमध्ये थायरॉईडच्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. "एकच बाजू काढली, दुसरी आहे, गोळी लागणार नाही," असं त्यांना सांगितलं होतं. घरचे म्हणत होते, ऑपरेशनचा अशक्तपणा आहे, शिरा-लाडू खा. मी टीएसएच केला, तो शंभराच्या वर. सोनोग्राफी केली, मानेत थायरॉईड कुठेच नाही. दुसरी बाजू मुळातच नव्हती. जी होती ती एकुलती एक बाजू काढली गेली होती, आणि ऑपरेशनच्या आधी दुसरीकडे कुणी पाहिलं नव्हतं. गोळी सुरू केली. पावसाळा सरता सरता त्या बाई साध्या साडीत, हातात पिशवी घेऊन, स्वतः चालत आल्या. पण ते दोन महिने त्यांनी विनाकारण भोगले. तो चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून तुमच्या लेकीचा तो रिपोर्ट म्हणजे वाईट बातमी समजू नका, ती कामाची माहिती आहे. एका कागदावर साध्या शब्दांत लिहा: थायरॉईडचा डावा लोब जन्मतः नाही, फक्त उजवा आहे. खाली सोनोग्राफीची तारीख. हा कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर, त्याचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याही. पुढे कधी मानेचं काहीही निघालं, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं. उलट बाजूनेही हे उपयोगी पडतं. कधी कुणी फक्त थायरॉईडचा स्कॅन, म्हणजे किंचित किरणोत्सारी औषध देऊन ग्रंथीचं चित्र काढणं, एवढंच करतं, त्यात एक बाजू दिसत नाही. कधी एखादी गाठ इतकं हॉर्मोन बनवते की दुसरी बाजू निवांत झोपून जाते आणि स्कॅनमध्ये नसल्यासारखी वाटते. खरोखर नाही की झोपली आहे, हे सोनोग्राफी सांगते. तुमच्याकडे सोनोग्राफीच आधी झाली आहे आणि रक्त नॉर्मल आहे, म्हणून वेगळा स्कॅन करायची घाई नको.

लग्नाचं. तुमच्या पत्रात माझं मन सगळ्यांत जास्त इथे अडकलं. तुम्ही विचारता, "त्यांना सांगावं का?" मी आधी विचारते, लेकीला विचारलं का? ती पंचविशी गाठलेली, कमावती मुलगी आहे. मान तिची, रिपोर्ट तिचा. तेव्हा सांगायचं की नाही, केव्हा, कोणत्या शब्दांत, हे तिने ठरवायचं आणि तिनेच सांगायचं. तुम्ही तिच्या पाठीशी राहायचं.

माझं मत विचाराल तर सांगावं. साखरपुड्याच्या आधी सांगावं. तिच्यात खोट आहे म्हणून मुळीच नाही. दोघं जन्मभर एका घरात राहणार, पुढे दवाखान्यात तिच्याबरोबर तो मुलगाच जाणार, म्हणून त्याला माहीत असावं. आणि लपवलेली साधी गोष्टसुद्धा उघडी पडली की मोठी होऊन उघडी पडते. पण कसं सांगायचं ते महत्त्वाचं आहे. बैठकीत, मध्यस्थाच्या तोंडून, आवाज खाली घेऊन, "एक सांगायचं होतं, मनाला लावून घेऊ नका" अशी सुरुवात करून सांगितलं, तर ऐकणारा आजारच ऐकेल. लेकीने त्या मुलाला भेटून किंवा फोनवर, इतर चार गोष्टी बोलता बोलता सांगावं: "माझ्या थायरॉईडचा एकच लोब आहे, जन्मापासून. काम नीट चालतं, गोळी नाही, वर्षाला एकदा रक्त तपासते." झालं. त्याने विचारलं तर रिपोर्ट दाखवावा. त्यांना डॉक्टरांशी बोलायचं असेल तर खुशाल बोलू द्यावं.

मोडेल का? ताई, मी त्या घराला ओळखत नाही, त्यामुळे खोटी हमी देणार नाही. एवढं मात्र मनापासून सांगते, नॉर्मल टीएसएच असलेल्या मुलीला या कारणाने जे नको म्हणतील, ते उद्या तिला ताप आला तरी तिच्या माहेराकडे बोट दाखवतील. अशा घरातून नकार आला तर तुम्ही रडाल, मला माहीत आहे. लेकीच्या समोर रडू नका. तिला वाटेल की ती खरंच कुठे कमी आहे.

मूलबाळ होईल. एक लोब असण्याने गर्भ राहायला अडचण येत नाही. फक्त गरोदरपण हा थायरॉईडसाठी कामाचा हंगाम असतो. हॉर्मोनची गरज जवळजवळ निम्म्याने वाढते, आणि पहिले तीन महिने बाळ सगळं हॉर्मोन आईकडूनच घेतं. दोन लोबवालीलाही कधीकधी तेव्हा झेपत नाही. म्हणून मूल हवं असं ठरवलं की आधी एक टीएसएच, दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात दुसरा, आणि पुढे अर्धं गरोदरपण सरेपर्यंत दर चार-सहा आठवड्यांनी. गरज पडली तर त्या काळापुरती गोळी. ती बाळाला बाधत नाही, उलट लागत असताना न घेतली तर बाधतं. बाळंतपणाच्या डॉक्टरांना तो कागद पहिल्याच भेटीत दाखवायचा, हे वेगळं सांगायला नको.

बाळही असंच निघेल का? काही घरांत एकाहून जास्त जणांना हे आढळलं आहे, पण ती फार थोडी घरं. बहुतेक वेळा हे एकट्या माणसापुरतंच असतं. तरी एक गोष्ट मात्र मागून घ्या, आणि ही प्रत्येक घराने मागावी असं मला वाटतं. बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की टाचेला बारीक टोचून रक्ताचे थेंब घेतात आणि टीएसएच बघतात. काही ठिकाणी नाळेच्या रक्तातूनही करतात. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी ही तपासणी आपोआप होत नाही, म्हणून विचारायचं. ज्या बाळांना थायरॉईड अजिबात नसतो किंवा फार थोडा असतो, ती जन्मतः अगदी धडधाकट दिसतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ती इतर मुलांसारखीच वाढतात, शाळेत जातात. उशीर झाला तर बुद्धीचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. नातवंडाच्या वेळी तुम्ही आजी म्हणून दवाखान्यात असालच. तेव्हा डब्याच्या आधी हे विचारा.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगेलच की कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद. शिजवलेली कोबी-फ्लॉवर खुशाल खाऊ द्या. लक्ष द्यायचंच तर मिठाकडे द्या. थायरॉईड हॉर्मोन आयोडीनपासून बनतं, मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदरपणी २५०. आपल्या देशात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून आहे, आणि घरोघरी साध्या मिठातून आयोडीन पोहोचलं ते त्यामुळे. आता बऱ्याच सुशिक्षित घरांत ते मीठ काढून रोजच्या स्वयंपाकाला सैंधव आलं आहे. उपासाला चालेल, रोजच्या वरण-भाजीला नको, निदान तुमच्या घरात तरी नको. आयोडीनयुक्त मीठ, झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून लांब. त्याहून जास्त काही नाही. आयोडीनचे थेंब किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या कुणी आणून दिल्या तर घेऊ नका. जास्तीच्या आयोडीननेही थायरॉईड बिघडतो, आणि इथे सांभाळायला लोब एकच आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटी, समासात, वेगळ्या अक्षरात आणि पेन्सिलने लिहिलेली एक ओळ होती. तुम्हाला न सांगता लिहिली असावी. "मॅडम, मी दर वर्षी कंपनीच्या कॅम्पमध्ये रक्तदान करते. आता बंद करावं लागेल का?"

बेटा, तुझी आई रात्र रात्र जागी आहे आणि तुला काळजी आहे ती दुसऱ्याला द्यायच्या रक्ताची. नाही, बंद करायचं नाही. तुझं थायरॉईड नॉर्मल आहे. ती गोळी आठ दिवस घेतलीस हे कॅम्पच्या डॉक्टरांना सांग, दोन महिन्यांनी टीएसएच करून घे. मग हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आणि वजन ४५ किलोच्या वर असेल, आणि मागच्या वेळेला चार महिने उलटून गेले असतील, तर बाही वर कर आणि दे.